ओली झूल

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

घोड्याची झूल म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दसऱ्याची मिरवणूक उभी राहते, नाहीं तर लग्नाची वरात. लाल मखमल, जरीचे बुट्टे, कडेला लोंबणारे गोंडे, आणि त्याखालीं मान हलवीत शांतपणें चालणारें एक पांढरें जनावर. मला आज बोलावयाचें आहे तें मात्र झुलीच्या वरच्या बाजूविषयीं नव्हे, खालच्या बाजूविषयीं. झुलीखालीं घोड्याची कातडी असते. पाऊस पडून गेल्यावर, वरात पांगल्यावर, तबेल्याचें दार ओढून घेतल्यावर त्या कातडीचें काय होतें, एवढाच माझा विषय आहे.

तो ऐकून दादर-माटुंग्याच्या एखाद्या गृहस्थाला वाटेल, कीं आमच्या दोन खोल्यांत घोडा नाहीं आणि तबेलाहि नाहीं. मग ही माहिती घेऊन आम्हीं करावयाचें काय? शंका रास्त आहे. मुंबई एके काळीं घोड्यांवर चालत होती. १८७४ सालीं येथें ट्राम सुरू झाली, ती घोड्यांनीं ओढलेली होती; १९०७ सालीं विजेची ट्राम धांवूं लागली तोंवर ते घोडे निवृत्त झालेले होते. व्हिक्टोरिया गाड्यांनीं त्यानंतर आणखी शतकभर तग धरला. २०१५ सालीं उच्च न्यायालयानें मौजेखातर चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरविल्या. परंतु एवढ्यानें घोडा आपल्या आयुष्यांतून गेला असें नाहीं. महालक्ष्मीच्या मैदानावर तो आहे. पोलिसांचें जें अश्वदल १९३२ सालीं मोडलें होतें, तें अठ्ठ्याऐंशी वर्षांनीं पुन्हां उभें राहून २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं आपल्या शिवाजी पार्कवरच्या संचलनांत उतरलें. माथेरानला मोटारीस बंदी असल्यामुळें सुटींत तेथें गेलेलीं आपलीं मुलें घोड्यावर बसल्याशिवाय परत येत नाहींत. आणि लग्नसराईंत तर विचारूंच नका! घोडा आपल्या मालकीचा नसेल. त्याच्या पाठीचें तासाभराचें भाडें मात्र आपण भरतों, आणि त्या तासाभरांत त्याच्या पाठीवर काय असावें हें पुष्कळदां आपणच ठरवितों.

मुंबईच्या हिंवाळ्यांत पाऊस पडत नाहीं, अशी आपली एक समजूत आहे. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यांत ती समजूत चांगलीच भिजली. अरबी समुद्रांतल्या ओखी वादळानें ऐन थंडींत मुंबईवर आषाढ आणून उभा केला. ५ तारखेस शाळांना सुटी द्यावी लागली. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाणदिनासाठीं शिवाजी पार्कवर आलेल्या लोकांच्या मांडवांत चिखल झाला, आणि महापालिकेनें त्यांची सोय शाळांच्या इमारतींतून केली. पुढें २०२१ च्या १ डिसेंबरलाहि मुंबईनें असाच पाऊस पाहिला. लग्नाचा हंगाम, हवेंत गारवा आणि अंगावर पाऊस, हा योग आपण समजतों तितका दुर्मिळ नाहीं.

माझा व्यवसाय जनावरांच्या वैद्याचा आहे. ओखीच्या त्या पावसानंतर आठवड्याभरानें एका घोडेवाल्यानें मला बोलावून नेलें. शहराच्या उत्तरेकडे पत्र्याचा लहानसा तबेला, त्यांत तीन जनावरें, आणि त्यांतली एक पांढरी घोडी आजारी. तिच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर केसांचे पुंजके उभे राहिले होते. ओल्या रंगांत बुडवून वाळलेल्या कुंचल्यासारखे ते दिसत. एका पुंजक्याला नुसता हात लावला तों तो खपलीसकट निघून आला, आणि खालची कातडी गुलाबी, ओलसर, दुखरी दिसली. वरून वाहिलेल्या पाण्याचे ओघळ जेथून गेले असतील, तेथें तेथें हे पुंजके ओळीनें उठले होते.

घोडीची निगा राखणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याच्याकडून हकीकत समजली ती अशी: वरातीला निघाली तेव्हां आकाश कोरडें होतें, परत येतांना घोडी पार भिजली. मध्यरात्र झालेली. घोडीला थंडी बाधेल म्हणून त्यानें वरची मखमली झूल तेवढी काढली, आणि ओल्या अंगावरच जाड कांबळें घातलें. पत्र्याच्या फटींतून पाणी गळत होतें, म्हणून कांबळ्यावर प्लॅस्टिकचा कागद घालून तो सुतळीनें आवळला. दाराला गोणपाट लावलें. पाऊस थांबेना, म्हणून दोन दिवस हें सर्व तसेंच ठेवलें. सांगतां सांगतां त्याचा गळा भरून आला. "डॉक्टरसाहेब, मी तिला घटकाभर सुद्धां उघडी ठेवली नाहीं हो!" तो म्हणाला.

त्याच्या त्या एका वाक्यांत सगळा रोग होता. मी त्याच्यावर रागावलों नाहीं, कारण शिकाऊ असतांना मीं स्वतः हेंच केलेलें होतें. फरक एवढाच, कीं माझें कांबळें नवें होतें. पुण्याच्या थंडींत एक घोडा व्यायामानंतर घामानें निथळत आला. मीं मोठ्या मायेनें त्याला कांबळ्यांत गुंडाळलें आणि जेवावयास गेलों. परत येऊन पाहतों तों कांबळें पाण्यासारखें ओलें आणि त्याच्याखालीं घोडा कुडकुडत उभा! ज्या वस्त्रानें ऊब द्यावयाची, तेंच त्याच्या अंगाची ऊब शोषून घेत होतें.

हें कां होतें तें समजण्यासाठीं घोड्याच्या अंगावरच्या केसांकडे जरा लक्ष द्यावें लागेल. निसर्गानें त्याला स्वतःची एक झूल दिलेली आहे. दिवस लहान होऊं लागले कीं त्याचे केस दाट होतात. गारवा वाढला कीं कातडींतले बारीक स्नायू एकेका केसाला उभें करतात. केसांच्या मुळांशीं हवा कोंडली जाते, आणि ही कोंडलेली हवा हीच त्याची गोधडी. केसांवर कातडींतून पाझरणारा एक तेलकट लेपहि असतो. त्यावरून थोडा पाऊस सहज निथळून जातो. निरोगी, पोटभर खाल्लेला, कोरडा घोडा सौम्य हवेंत राहणारा असला तरी सुमारें ५ अंश सेंटिग्रेडपासून २५ अंशांपर्यंत वेगळी कांहींच खटपट न करतां सुखानें राहतो. त्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता ३७॥ ते ३८॥ अंश, म्हणजे आपल्यापेक्षां किंचित् अधिकच असते. आतां मुंबईचा डिसेंबर पहा. ज्या रात्रीं आपण कपाटांतली शाल काढतों, ती रात्र घोड्याच्या लेखीं गारठ्याची नसतेच. फार तर सुखाची असते. शाल आपल्याला लागते म्हणून झूल त्याला लागते, हा हिशेब मुळांतच चुकतो.

त्याला खरोखर बाधते ती ओल. केस भिजून अंगाला चिकटले कीं कोंडलेली हवा निघून जाते, आणि वर वारा लागला तर अंगची उष्णता भराभर उतरते. येथवर त्या मुलाची काळजी बरोबर होती. पण ओल्या केसांवर जाड वस्त्र घातलें कीं केस उभे राहूं शकत नाहींत, पाणी बाहेर पडूं शकत नाहीं, आणि कातडी दिवसचे दिवस वाफेंत शिजत राहते. पावसाळ्यांत मेणकापडाचा अंगरखा घालून दादरच्या स्टेशनचा पूल चढलेल्या मनुष्याला हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. बाहेरच्या पावसापासून तो बचावतो, आणि आपल्याच घामानें चिंब होतो. घोड्याला तर आपल्यासारखाच सर्वांगाला घाम येतो, आणि तो केसांतून पसरावा म्हणून त्याच्या घामांत साबणासारखा फेस आणणारें एक द्रव्य असतें. पळून आलेल्या घोड्याच्या मानेवर जो पांढरा फेस दिसतो तो हाच. हा घाम उडून गेला तर घोडा निवतो. आधींच दमट असलेल्या हवेंत वरून झुलीचें झांकण बसलें तर तो घाम तेथेंच मुरतो.

अशा वाफेंत भिजलेल्या कातडीवर एक सूक्ष्म जंतु वाढतो. त्याचें शास्त्रीय नांव डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस. बेल्जियन काँगोमध्यें १९१५ सालीं त्याचें वर्णन प्रथम झालें, म्हणून नांवांत काँगो. बाकी त्याचा वावर सर्वत्र आहे. कोरड्या, धड कातडीला तो सहसा कांहीं करूं शकत नाहीं. कातडी दीर्घकाळ भिजून मऊ झाली, किंवा ओल्या झुलीच्या घर्षणानें ती सोलवटली, कीं त्याला वाट मिळते. पांढऱ्या घोडीला झालें होतें तें हेंच. गजकर्णाची गोष्ट थोडी निराळी, कारण ती बुरशी. पण तिचीहि वाट झुलींतून आणि खराऱ्यांतून जाते. एकाची झूल दुसऱ्याच्या अंगावर घालणें, हें एकाच्या अंगाचा पंचा दुसऱ्यानें वापरण्यासारखें आहे. आपण घरांत जें करूं देत नाहीं तें तबेल्यांत सर्रास चालतें.

मग भिजून आलेल्या घोड्याचें करावें काय? त्याला उघडा ठेवावयाचा नाहीं आणि झांकावयाचाहि नाहीं, असें मी म्हणतों काय? जवळजवळ तसेंच म्हणतों. याला आपल्या कोंकणी माणसाच्या हाताशीं असलेला एक जुना उपाय आहे. विलायतेंतल्या जुन्या तबेल्यांतूनहि तो चालत असे. प्रथम अंगावरचें पाणी तळहाताच्या कडेनें, केसांच्या रोखानें, निपटून काढावें. मग कोरड्या पेंढ्याचा बोळा करून मान, पाठ, पोट आणि विशेषतः कंबर चोळावी. त्यानंतर पाठीवर मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत कोरडा पेंढा मोकळा पसरावा आणि तो पडूं नये एवढ्यापुरतें वरून गोणपाट किंवा विरळ विणीचें कापड सैल टाकावें. पेंढ्याच्या काड्यांमधून हवा खेळते. अंगाच्या उबेनें ओल वर चढते, पेंढ्यांतून गोणपाटांत जाते, आणि कातडी खालून सुकत येते. गोणपाटाच्या वरच्या अंगावर दंव जमलेलें दिसलें तर समजावें कीं काम नीट चाललें आहे. तासाभरानें सर्व काढून टाकावें, पोटाखालीं आणि कमरेवर हात फिरवून पहावा. कोरडें लागलें तर, जरूर असेल तरच, कोरडी झूल घालावी. मुंबईंत शंभरांतील नव्वद रात्रीं ती जरूर नसते.

या कृतीला आपल्या भाषेंत नवें नांव शोधावयास नको. घर शाकारावें तसा हा घोडा शाकारावयाचा. आणि शाकारणें हा शब्द घोड्यांच्या संदर्भांत आपल्याकडे जुना आहे. कृष्णाजी अनंत सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस शिवछत्रपतींची जी बखर लिहिली, तींत लष्कराच्या वहिवाटीची हकीकत आहे. पावसाळ्यांत लष्करानें छावणीला यावें, घोड्यांसाठीं दाणा आणि औषधें सिद्ध असावीं, घोड्यांसाठीं व माणसांसाठीं गवतानें शाकारलेलीं घरें तयार असावीं, असा नेम त्यांत सांगितला आहे. ज्यांचें सारें राज्य घोड्याच्या पाठीवर उभें होतें, त्यांनीं पावसाळ्यासाठीं प्रथम छप्पर, वैरण आणि औषध यांची तजवीज केली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. मखमलीचा उल्लेख त्या तजविजींत नाहीं. चिपळूणकडील छावणीला महाराजांनीं पाठविलेलें पत्रहि आपल्यापैकीं अनेकांना ठाऊक असेल. गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊं नये, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि वैरण व पागा दोन्ही जळून जातील, अशी त्यांत ताकीद आहे. पेंढा वापरा असें मी म्हणतों तेव्हां ही ताकीदहि त्याबरोबर घ्यावी. पत्र्याच्या तबेल्यांत आजकाल उघड्या विजेच्या तारा लोंबत असतात, आणि पेंढ्यावर बसून विडी ओढणाऱ्यांची टंचाई नाहीं.

इंग्रजी पुस्तकें वाचून घोडा पाळणाऱ्यांची येथें एक गफलत होते, ती सांगितली पाहिजे. इंग्लंडांत पाऊस आणि कडाका एकाच ऋतूंत येतात. तेथें घोडा हिंवाळाभर भिजतो आणि गारठतोहि. शिवाय कामाच्या घोड्याला फार घाम येऊं नये म्हणून त्याचे केस कातरून टाकण्याची तेथें चाल आहे. निसर्गाची झूल कातरून घेतली म्हणजे माणसाची झूल द्यावीच लागते. आपल्याकडे मुख्य पाऊस येतो तो उकाड्याच्या सोबतीनें, आणि खरी थंडी येते ती कोरडी. तेव्हां त्या पुस्तकांतलीं भरगच्च अस्तराचीं पांघरुणें मागवून मुंबईच्या घोड्याला जुलैंत घालणें म्हणजे त्याला वाफाऱ्यास बसविणें आहे. दमट हवेंत बाहेरून आलेल्या कांहीं घोड्यांचा घाम मुळींच बंद पडतो; त्यांचें अंग कोरडें राहतें, धाप थांबत नाहीं आणि ताप चढत जातो. अशा घोड्याच्या अंगावर झूल पाहिली कीं माझ्याच अंगाला घाम फुटतो.

शर्यतीच्या घोड्यांची गोष्ट वेगळी, हें मान्य. त्यांची कातडी पातळ, केस आंखूड, रोजचा खरारा कसून झालेला. हिंवाळ्यांत ते मुंबईस धांवतात आणि पावसाळ्यांत पुण्यास. पुण्याच्या थंडींत पारा १० अंशांखालीं उतरतो, तेव्हां तेथें राहणाऱ्या अशा घोड्याला रात्रीं कोरडी लोकरीची झूल घालणें शहाणपणाचें आहे. म्हातारा घोडा, हाडें दिसूं लागलेला घोडा, आजारांतून उठलेला घोडा, नुकतेंच केस कातरलेला घोडा, यांनाहि तिची गरज लागते. परंतु शर्यतीच्या घोड्याचें पाहून माथेरानच्या तट्टानें शेले पांघरावे, असें नाहीं. त्या तट्टाचे केस राठ आणि तेलकट असतात, आणि पावसांत तेंच त्याचें भांडवल. पावसाळ्यांत त्याला साबणानें वारंवार धुऊन चकचकीत ठेवण्याचा अट्टाहास केला तर तो लेप जातो आणि पाणी थेट कातडीपर्यंत उतरतें. पाहुण्यांना चकचकीत घोडा आवडतो, म्हणून घोडेवाला तो धुतो. यांत दोष कोणाचा, तें आपणच ठरवावें.

झूल कमी कीं जास्त हें ओळखण्याची खूण सोपी आहे. खांद्याच्या मागें झुलीखालीं हात सपाट सारावा. कोरडें आणि कोमट लागलें, तर ठीक आहे. गरम आणि ओलसर लागलें, तर झूल ताबडतोब काढावी. अंग थंडगार आणि घोडा कांपतांना दिसला, तरच आणखी पांघरुणाचा विचार करावा. आणि त्याच्याहि आधीं त्याच्यापुढें गवत टाकावें. हें ऐकून पुष्कळांना नवल वाटतें. चंदी घोड्याला ताकद देते. ऊब देते ती वैरण. गवताचा चोथा त्याच्या मोठ्या आंतड्यांत तासन् तास आंबत राहतो, आणि त्या आंबण्यांतून उष्णता निर्माण होते. रात्रभर चघळावयास गवत असलेला घोडा म्हणजे आंत शेगडी पेटलेलें घर. त्याला बाहेरून दुलई कमी लागते.

झूल घालावयाचीच असेल, तर ती अंगाला बसली पाहिजे. मानेच्या मुळाशीं, खांद्यांमधला जो उंचवटा असतो, त्यावर तिचा सगळा भार येतो आणि पहिलें घट्टें तेथेंच पडतें. दुसरें खांद्याच्या टोकाशीं. ती पुढें जरा मानेवर टाकून मग मागें सरकवावी, म्हणजे खालचे केस त्यांच्या रोखानेंच बसतात. पट्टा तंगासारखा आवळूं नये. त्याखालून तळहात सहज गेला पाहिजे. काढतांना मागचे बंद आधीं सोडावे आणि छातीवरचा शेवटीं, नाहीं तर घोडा बुजला असतां झूल मागें घसरून पायांत अडकते, आणि मग घोडा आणि मोतद्दार दोघांचीहि हाडें धोक्यांत येतात. दिवसांतून एकदां तरी ती संपूर्ण उतरवून, अंग उजेडांत पाहून, खरारा करावा. त्या मुलानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुतळी सोडून पाहिली असती, तर माझी गरज लागली नसती.

कापडाविषयीं दोन शब्द. आपल्या धनगरांची घोंगडी या कामीं अजून वाईट नाहीं. लोकर पुष्कळशी ओल पोटांत घेऊनहि एकदम गारठत नाहीं, आणि तिच्यांतून वाफ बाहेर जाते. सुती झूल भिजली कीं थंड आणि जड होते. प्लॅस्टिकचा कागद घोड्याच्या अंगावर कधींच घालूं नये. तो छपरावर घालावा, तेथें त्याची शोभाहि आहे आणि उपयोगहि. अलीकडे पाणी आंत न येऊं देणारीं पण वाफ बाहेर सोडणारीं कापडें निघालीं आहेत. तीं चांगलीं आहेत, मात्र महाग आहेत, आणि चिखलानें त्यांचीं छिद्रें बुजलीं म्हणजे त्यांच्यांत आणि प्लॅस्टिकच्या कागदांत फारसें अंतर राहत नाहीं.

पण कापड कोणतेंहि असो, तें वाळवावयाचें कोठें? मुंबईंत खरा प्रश्न हा आहे, आणि तो घरोघरच्या गृहिणींना माझ्यापेक्षां अधिक कळतो. श्रावणांत चाळीच्या गॅलरींत वाळत घातलेला पंचा तिसऱ्या दिवशीं ओलसरच असतो आणि त्याला एक विशिष्ट वास येऊं लागतो. हाच वास तबेल्यांत खुंटीवर टांगलेल्या झुलीला येतो, आणि तीच झूल संध्याकाळीं पुन्हां घोड्यावर चढते. म्हणून एक झूल ठेवणें म्हणजे ओली झूल ठेवणें. दोन तरी हव्यातच: एक अंगावर, एक दोरीवर. आणि दोरी कोठें बांधावी? पावसाच्या सुरक्षित बाजूला, छपराखालीं, वारा खेळतो अशा जागीं. झूल दुमडून टाकूं नये, तंबूसारखी दोन दोऱ्यांवर पसरावी. धुतांना साबण पुरता खंगाळून काढावा. त्याचा अंश राहिला तर घोड्याच्या कातडीला खाज सुटते. ज्याला दोन घेण्याची ऐपत नाहीं, त्यानें एकहि घेऊं नये. पेंढा आणि गोणपाट यांवर त्याचा घोडा अधिक सुखानें राहील.

दुसरी चूक दाराच्या गोणपाटाची. पाऊस आला कीं माणूस खिडकी लावतो, आणि तबेल्याचीहि लावतो. आंत मूत्र मुरलेला पेंढा असतो. त्यांतून उग्र वायु सुटतो, डोळे चुरचुरतात, आणि घोड्याचें नाक आपल्यापेक्षां या वायूच्या किती तरी जवळ असतें, कारण तो खालीं मान घालून खातो आणि कधीं कधीं आडवाहि होतो. तबेला कसा आहे हें पाहावयाचें असेल, तर दारांत उभें राहून पाहूं नये. आंत जाऊन खालीं उकिडवें बसावें आणि पांच मिनिटें श्वास घ्यावा. ओल्या पेंढ्यावर बुरशी धरते, तिची धूळ छातींत जाते आणि खोकला जडतो. म्हणून माझें म्हणणें असें, कीं पावसाची झड येईल ती बाजू आडोशानें अडवावी, पण वरची हवा कधींहि बंद करूं नये. झुलीचा खरा उपयोग मला दिसतो तो येथें. ती असते खिडकी उघडी ठेवतां यावी म्हणून. खिडकी लावून घेतली आणि झूलहि घातली, तर दोन्ही चुका एकदम झाल्या. आणि पावसामुळें चार दिवस काम नसलें, तरी घोड्याला रोज कोरड्यांत थोडा चालवावा. भाकरी कां करपली, घोडा कां अडला, पान कां सडलें, या तिन्ही प्रश्नांचें एकच उत्तर आपल्या आजीबाईंनीं आपल्याला शिकविलेलें आहे.

आतां वरातीकडे वळतों, कारण दादरच्या श्रोत्यांचा हात पोहोंचतो तो येथें. मखमलीची झूल सुंदर दिसते. तिच्यावर माझा राग नाहीं. पण ती भिजली म्हणजे तिचें वजन पुष्कळ वाढतें, जरीची टोंकें खालून घासतात, आणि तिच्या खालचें रबरी किंवा मेणकापडाचें अस्तर वाफ अडवितें. मुहूर्त पाहतांना आपण पंचांग पाहतों. घोडा ठरवितांना वेधशाळेचा अंदाजहि पाहावा. पावसाचा संभव असेल, तर झुलीखालीं एक धुतलेली सुती चादर घालावयास घोडेवाल्याला सांगावें. नवरदेव खालीं उतरला, छायाचित्रें झालीं, कीं घोड्याला कार्यालयाच्या छपराखालीं अर्धा तास उभा राहूं द्यावा आणि तेथेंच झूल उतरवूं द्यावी. यांत अडचण येते ती पैशाची नव्हे. व्यवस्थापक म्हणतात, घोडा लवकर हलवा, मोटारी अडल्या आहेत. मग भिजलेला घोडा तसाच, मखमलीसकट, रात्रीच्या रहदारींतून मैलोगणती चालत परत जातो. हा अर्धा तास मागून घेणें यजमानाच्या हातीं असतें. घोडेवाला तो मागूं शकत नाहीं. त्याला पुढच्या लग्नाची सुपारी हवी असते.

त्या पांढऱ्या घोडीचे सर्व पुंजके आम्हीं एकदम उपटले नाहींत. कोमट पाण्यांत जंतुनाशक औषध घालून खपल्या मऊ केल्या. ज्या सहज सुटल्या तेवढ्याच काढल्या, आणि जागा प्रत्येक वेळीं कोरडी केली. खपल्या गोळा करून जाळल्या, कारण त्यांत जंतु महिनोगणती जिवंत राहतो. खरारा, दोर, कांबळें, सर्व उकळत्या पाण्यांतून काढलें. दारावरचें गोणपाट मीं मुलाकडून सोडवून घेतलें आणि तेंच घोडीच्या पाठीवर पेंढ्यावर कसें टाकावयाचें तें त्याला दाखविलें. तीन आठवड्यांनीं केस पुन्हां उगवूं लागले. प्रथम करडे, मग पांढरे. त्या हंगामांतल्या तिच्या चार वराती बुडाल्या.

पुढच्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं मी त्या बाजूनें जात होतों. जोराची सर नुकतीच येऊन गेली होती. तबेल्याचें दार सताड उघडें होतें. घोडी गवत खात उभी होती, पाठीवर पेंढा, त्यावर गोणपाट, आणि गोणपाटावर बारीक दंव. मुलगा शेजारीं उकिडवा बसलेला. "साहेब, अजून पाऊण तास झाला आहे," तो मला म्हणाला, "हात घालून पहा."